लाठी न उगारणारे पोलीस

नमस्कार मंडळी! अमेरिकेतले सिव्हिल राइट्सचे, म्हणजे काळ्या लोकांच्या समान हक्कांसाठीचे मोर्चे म्हटलं की बर्मिंगहॅम आठवतं, मे १९६३, तिथली पोलीस आणि बंबाची खाती सांभाळणाऱ्या बुल कॉनरने शाळकरी पोरांवर सोडलेले कुत्रे आणि बंबाचे पाइप. पण आज आधी दुसऱ्याच माणसाबद्दल बोलू, लॉरी प्रिचेट, जॉर्जियातल्या ऑल्बनीचा पोलीस चीफ.

ह्या गड्याने काय केलं, १९६१ ला मोर्चे सुरू झाले तेव्हा चळवळीचे नेते मार्टिन लूथर किंग यांची अहिंसेची पद्धत नीट अभ्यासली आणि शिपायांना बजावलं की लोकांसमोर कुणावर हात टाकायचा नाही, गुपचूप अटक करायची, आणि गावचा जेल भरून मोर्चेवाल्यांचा विजय होऊ नये म्हणून आसपासच्या काउंट्यांतले जेल आधीच बोलून ठेवले. शेकडो माणसं आत गेली. पेपरवाले चीफवर खूश, वॉशिंग्टनला मध्ये पडायला निमित्तच नाही, आणि ऑगस्ट १९६२ मध्ये किंग तिथून जवळपास रिकाम्या हाताने परतले. पोलीस सभ्य होते हो, पण भेदभाव जसाच्या तसा! मला तरी हा प्रिचेट कॉनरपेक्षा जास्त डेंजर वाटतो.

अलाबामातल्या सेल्मात उलटं झालं. ७ मार्च १९६५, एडमंड पेटस पुलावर सुमारे ६०० लोक, पोलीस पांगायला दोन मिनिटं देतो म्हणाले आणि तेवढाही धीर धरला नाही, अश्रुधूर, लाठ्या, वर शेरीफ क्लार्कचे घोडेस्वार. मोर्चाच्या पुढे असलेल्या जॉन लुईस यांची कवटी फुटली. रात्री ते सगळं टीव्हीवर दिसलं, देश हादरला, आणि ऑगस्टमध्ये काळ्यांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा, व्होटिंग राइट्स अ‍ॅक्ट झाला.

पण सेल्माचा मोर्चा निघाला कशावरून, हे सांगायचं राहूनच जातं. १८ फेब्रुवारीच्या रात्री जवळच्याच मॅरियन गावात मोर्चा निघाला, रस्त्यावरचे दिवे गेले, पत्रकारांना मारहाण झाली, कॅमेरे निकामी केले, आणि त्या अंधारात आपल्या आईला आणि आजोबांना वाचवायला धावलेल्या २६ वर्षांच्या जिमी ली जॅक्सनला एका स्टेट ट्रूपरने, म्हणजे राज्याच्या पोलिसाने, पोटात गोळी घातली. आठ दिवसांनी तो गेला. गोळी झाडल्याचा फोटो नाही, फिल्म नाही. त्या ट्रूपरवर आरोप ठेवले गेले थेट २००७ ला, २०१० मध्ये त्याने कमी दर्जाचा गुन्हा कबूल केला, आणि शिक्षा झाली सहा महिने.