पेत्सा दे पेलिग्रो: पगाराआधीचे दिवस

(दृश्य: पहाट. मनिलातल्या एका वस्तीची अरुंद गल्ली. बेकरीच्या दारात तपकिरी कागदी पिशव्यांची चळत.)

पहाटे साडेपाचला या गल्लीत पहिली जाग येते ती बेकरीला. पांदेसालचा वास सुटतो. पांदेसाल म्हणजे मुठीएवढा मऊ पाव, वरून पावाचाच बारीक चुरा लावलेला. नावात मीठ आहे, पण चवीला किंचित गोडच लागतो. आपल्याकडे पाव पोर्तुगिजांबरोबर आला, इथे स्पॅनिशांबरोबर. माणसं पायात चपला सरकवून येतात, दहा नग सांगतात आणि गरम पिशवी छातीशी धरून परत जातात. घरी गेल्यावर पाव कॉफीत बुडवायचा. झाला नाश्ता.

आज 12 तारीख. फिलिपिन्समध्ये बहुतेक नोकरदारांचा पगार महिन्यातून दोनदा होतो, 15 ला आणि 30 ला. त्याच्या आधीच्या दिवसांना इथे एक नाव आहे, पेत्सा दे पेलिग्रो. धोक्याच्या तारखा! आपल्याकडे महिनाअखेर एकदा येते, इथे दोनदा. या धोक्याच्या तारखांना घरं कशी चालतात, आणि तेवढ्यातही पोरांच्या हातावर काहीतरी गोड कसं पडतं, ते पाहायला आम्ही या गल्लीत आलो.

बेकरीसमोर उभं राहिलं की एक गाऱ्हाणं हमखास ऐकू येतं. पाव लहान झालाय. मैदा महागला की बेकरीवाला भाव वाढवायला कचरतो, कारण गिऱ्हाईक एका पेसोसाठीही दुसरीकडे जातं. मग तो गोळाच थोडा लहान करतो. सरकारने बेकरीवाल्यांशी बोलून 'पिनॉय पांदेसाल' नावाचा साधा, स्वस्त पाव बाजारात आणला. दहा पाव, वजन 250 ग्रॅम. फेब्रुवारी 2023 मध्ये त्याचा भाव 25 पेसो ठरला, म्हणजे नगाला अडीच पेसो. तेव्हा एका पेसोला साधारण दीड रुपया पडत होता.

(दृश्य: लोखंडी जाळीमागचं दुकान. जाळीला वरपासून खालपर्यंत पुड्यांच्या माळा.)

हे सारी-सारी दुकान. सारी-सारी म्हणजे नाना तऱ्हेचं. घराचीच पुढची खोली, तिला लोखंडी जाळी आणि जाळीत हात जाईल एवढी फट. देशभरात अशी दहा लाखांहून जास्त दुकानं आहेत. गिऱ्हाईक जाळीपाशी येतं आणि हाक मारतं, "पाबिली पो!" मला घ्यायचंय, बरं का. शेवटचा 'पो' आदराचा. दुकानदारीणबाईंना सगळे 'आते' म्हणतात. मराठी कानाला ती आत्या वाटेल, पण इथे आते म्हणजे थोरली बहीण.

एक मुलगी तेल घ्यायला आली आहे. आते मोठ्या डब्यातून छोट्या मापाने तेल काढते, पारदर्शक पिशवीत ओतते, पिशवीला पीळ देते आणि गाठ मारते. एका वेळच्या तळणापुरतं तेल. मग मुलगी लसणीच्या चार पाकळ्या मागते. गड्डा नाही, पाकळ्या. एक अंडं. कॉफीची एक पुडी. व्हिनेगरही असंच पिशवीत बांधून मिळतं. कोलाची बाटली परत करायची असते, म्हणून कोला पिशवीत ओतून, नळी घालून देतात.

या सुट्या विक्रीला तिंगी म्हणतात, आणि फिलिपिन्सचा खरा किराणा बाजार समजायला हा एक शब्द पुरेसा आहे. तिंगीने घेतलं की महाग पडतं. लिटरची बाटली घेणाऱ्याला तेल स्वस्त मिळतं, पिशवीवाल्याला नाही. हे त्या मुलीच्या आईला पक्कं ठाऊक आहे. पण लिटरची बाटली घेतली तर आजच्या तांदळाला पैसे कुठून आणायचे? मनिला महानगरात जुलै 2025 मध्ये किमान मजुरी दिवसाला 695 पेसो झाली. त्यातून भाडं, वीज, जीपनीचं म्हणजे इथल्या प्रवासी जीपचं तिकीट गेलं की हातात आजच्या दिवसापुरतेच पैसे उरतात, आणि आजच्या पैशात आजचंच तेल येतं. गरिबाला काटकसर कळत नाही असं म्हणणाऱ्याने या जाळीसमोर एक सकाळ उभं राहावं. इथे प्रत्येक पेसोचा हिशेब उभ्या उभ्या, तोंडी होतो. खोट एकच, की स्वस्त घेण्यासाठी आधी गाठीला पैसा लागतो.

त्या पुड्यांचं ओझं गल्लीलाही सोसावं लागतं. पर्यावरण संघटनांच्या 'गाया' या जाळ्याने 2019 मध्ये अंदाज मांडला होता, की या देशात रोज 16 कोटींहून जास्त सॅशे वापरले जातात. पाऊस पडला की ते गटाराच्या तोंडाशी येऊन बसतात.

(आवाज: लांबून हाक. "ताहोऽऽ!")

हाक ऐकताच पोरं पेले घेऊन धावतात. ताहोवाल्याच्या खांद्यावर काठी आणि काठीच्या दोन टोकांना ॲल्युमिनियमचे दोन डबे. एकात कोमट, नुकतं जमलेलं सोयाबीनचं टोफू, खरवसाहूनही मऊ. दुसऱ्यात साबुदाण्याचे मोती आणि अर्निबाल, म्हणजे तपकिरी साखरेचा पाक. चपट्या पळीने तो वरचं पाणी बाजूला सारतो, टोफूचे पातळ पापुद्रे उचलून पेल्यात सोडतो, मग पाक, मग मोती. गरम, गोड आणि पोटाला आधार देणारं. आमच्या मते या शहरातल्या स्वस्त खाण्यांत याच्या तोडीचं दुसरं नाही.

दुपारी तीनला मेरियेंदा. दोन जेवणांच्या मधलं हे खाणं इथे कुणी चुकवत नाही. कोपऱ्यावरच्या कढईत तुरोन तळतात. साबा जातीची केळी त्यासाठी घेतात. आपली राजेळी जशी शिजवून खायची, तशीच हीही. केळं उभं चिरायचं, तपकिरी साखरेत घोळवायचं, सोबत फणसाच्या गऱ्याची एक पट्टी ठेवायची आणि कागदासारख्या पातळ पारीत गुंडाळून तेलात सोडायचं. तेलातच मूठभर साखर टाकतात. ती वितळून वर तरंगते आणि पारीला चिकटते. बाहेर काढल्यावर तुरोनला काचेसारखा कडक, तांबूस लेप चढतो. साधारण 15 ते 20 पेसोंना एक मिळतं. फणस महागला की पट्टी बारीक होत जाते आणि मग नाहीशीच होते. खाणाऱ्याला ते पहिल्या घासात कळतं, पण तो काही बोलत नाही.

पावसाळी दिवशी घरोघर चाम्पोरादो शिजतो. चिकट तांदळाची कोकोवाली गोड लापशी, आणि तिच्यासोबत तळलेला खारा सुका मासा. ऐकून नाक मुरडू नका. आपल्या कोकणात पेजेबरोबर सुकं खाणाऱ्याला ही जोडी लगेच पटेल. मेक्सिकोतल्या पेयावरून आलेला हा पदार्थ गलबतांच्या व्यापारात इथे पोचला आणि तांदळाचा झाला.

(दृश्य: बाजार. कांद्यांचा ढीग.)

आता कांदा. इथे आपल्या ओळखीच्या कांद्याला म्हणतात 'सिबुयास बॉम्बे'. सेबू बेटाकडे तर नुसतं 'बॉम्बे'. आपल्या मुंबईचं नाव इथल्या रोजच्या फोडणीत आहे!

2022 च्या डिसेंबरात हा कांदा किलोला 700 पेसोंवर गेला. रुपयांत हजाराच्या आसपास. कोंबडी, डुक्कर, सगळ्यांपेक्षा कांदा महाग. जानेवारीत इलोइलो शहरात एका वधूने फुलांऐवजी कांद्यांचा गुच्छ हातात धरून लग्न केलं. फुलं नंतर कचऱ्यात जातात, कांदे वापरता येतात, असा तिचा साधा हिशेब होता. सरकारने 21,060 टन कांदा आयात करायला मंजुरी दिली, तेव्हा इकडे नवं पीक निघायची वेळ झाली होती. भाव चढला तेव्हा न्युएवा एसिहा या कांदा पिकवणाऱ्या प्रांतातल्या शेतकऱ्याकडे विकायला कांदा नव्हता, आणि कांदा हाती येतो आहे तर बाहेरचा माल बंदरात. नाशिक जिल्ह्यातल्या कोणत्याही कांदा उत्पादकाला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

तांदळाची गाठ तर थेट भारताशी आहे. फिलिपिन्स हा जगातला सर्वांत मोठा तांदूळ आयातदार. 20 जुलै 2023 रोजी भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि जगाचा भाव चढला. सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांना भावावर मर्यादा घालावी लागली. साधा तांदूळ किलोला 41 पेसो, जास्त पॉलिश केलेला 45. महिनाभरात मर्यादा उठली. ऑक्टोबरात भारताने फिलिपिन्ससाठी 2,95,000 टनांची खास परवानगी दिली. मार्कोस यांनी 2022 च्या प्रचारात 20 पेसो किलोचा तांदूळ सांगितला होता. तो सवलतीच्या रूपाने विकायला सुरुवात झाली मे 2025 मध्ये, सेबूत.

आणि नाताळ. 24 डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या जेवणाला नोचे बुएना म्हणतात. हॅम, गोडसर स्पॅगेटी, फळांचं सॅलड. दरवर्षी व्यापार खातं या वस्तूंच्या भावांची यादी काढतं. 2025 च्या नोव्हेंबरात व्यापार सचिव क्रिस्टिना रोके म्हणाल्या, की चौघांच्या कुटुंबाची साधी नोचे बुएना 500 पेसोंत होऊ शकते. देशभर संताप उसळला. बेरीज बसवता येईलही. पण वर्षभर लसणीच्या पाकळ्या मोजणाऱ्या घराला त्या एका रात्री तरी मोजायचं नसतं. ही साधी गोष्ट ध्यानात न घेता तो आकडा सांगितला गेला, म्हणून तो लोकांच्या जिव्हारी लागला.

(दृश्य: रात्र. जाळीमागे एकच दिवा.)

आतेची वही उघडली आहे. इथे तिला लिस्ता म्हणतात. नाव, वस्तू, रक्कम. उधारीला उतांग म्हणतात, आणि ती मिळते फक्त सुकीला, म्हणजे कायमच्या गिऱ्हाइकाला. काही दुकानांत 'उधार बंद'ची पाटी असते. आतेच्या दुकानातही आहे, पण ती पुड्यांच्या माळांमागे झाकली गेली आहे. बारा तारखेच्या पानावर आज अकरा ओळी आहेत. 15 ला यातल्या बहुतेक खोडल्या जातील.

एक लहान मुलगा येतो. टाचा उंचावून जाळीच्या फटीत पाच पेसोंचं नाणं सरकवतो. आते फ्रीजर उघडून बोटभर जाडीची, गाठ मारलेली प्लास्टिकची नळी काढते. ही आइस कँडी तिने काल रात्री स्वतः भरलेली, आंबा आणि दूध घालून. मुलगा पिशवीचा कोपरा दाताने तोडतो, थुंकतो आणि चोखत चोखत अंधारात निघून जातो. आते नाणं डब्यात टाकते. वही मिटायच्या आधी, अकराव्या ओळीखाली, आणखी एक नाव लिहिते. मुलगा जाताना एक अंडंही घेऊन गेला आहे.