मावसभाऊ की आतेभाऊ?

नमस्कार! हा वंशावळीचा कागद बघा. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. नवरा-बायकोमध्ये एक रेघ. दोघं आधीच नात्यातली असतील तर दोन. मामाच्या मुलीशी लग्न केलंय? मग तुमच्या दोन रेघा!

जेनेटिक काउन्सेलिंग, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल कुटुंबाला समजावून सल्ला देणं, शिकणाऱ्यांना सुरुवातीलाच ही वंशावळ काढायला शिकवतात. किमान तीन पिढ्यांची. अमेरिकेत सारा लॉरेन्स कॉलेजात 1969 साली या काउन्सेलिंगचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. पण खरं सांगू? या कामात आपली मराठी इंग्रजीच्या पुढे आहे. तिकडे 'कझिन' म्हटलं की आणखी चार प्रश्न विचारावे लागतात. आपल्याकडे एखादी आई म्हणते, "याच्या मावसभावाचंही रक्त थांबत नाही," की लगेच कान टवकारायचे.

कारण हिमोफिलियाचा, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचा, बिघाड एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला एक्स मिळतो आईकडून, बापाकडून वाय. म्हणून मामा आणि मावसभाऊ महत्त्वाचे. आतेभाऊ असता तर सहसा संबंध लागला नसता. अर्थात दोन रेघा असतील तर तेही तपासायचं!

आता अवघड भाग. "आईकडून" हा शब्द सासूबाईंच्या कानावर पडला की संपलं, सगळा दोष सुनेवर. म्हणून सुनेशी आधी एकटीशी बोलायचं. हिमोफिलियाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कुणालाच हा आजार नसतो, हेही सगळ्यांसमोर सांगायचं.

थॅलेसेमिया हाही रक्ताचा आनुवंशिक आजार, पण त्याचा गोंधळ वेगळा. आई-वडील दोघंही मायनर (म्हणजे फक्त वाहक) असतील तर मूल मेजर (म्हणजे गंभीर आजारी) होण्याची शक्यता 25 टक्के. लोक म्हणतात, "चारातलं एक झालं, आता तीन सुटली." नाही हो! डब्यात चार चिठ्ठ्या, एकीवर 'मेजर'. चिठ्ठी काढली, वाचली, परत डब्यात टाकली. दर गरोदरपणात चारही चिठ्ठ्या डब्यातच. समोरच्याला कळलं का हे बघायला त्यालाच उलट समजावून सांगायला लावायचं.

या दोन्ही आजारांवरचं संशोधन आपल्या परळला चालतं. केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, 1957 पासूनची. तेव्हा नाव होतं ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर.

गणपतीला गावी सगळे जमाल तेव्हा कागद घेऊन आजीजवळ बसा. लहानपणीच गेलेली भावंडं विचारा. ती कुणी आपणहून सांगत नाही. त्यांचाही चौकोन, त्यांचाही गोल काढायचा, आणि त्यावर एक तिरकी रेघ.