‘म्हणजे आता कधीच नाही?’

दारू सोडायला माझ्याकडे समुपदेशनाला येणारा माणूस पहिल्याच भेटीत हमखास विचारतो, ‘म्हणजे आता कधीच नाही?’ त्यातला सूर ऐका. असा सूर मी एरवी फक्त घरातलं कुणी गेल्यावर ऐकलाय.

शरीराचं आधी थोडक्यात सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी थांबू नये. काही तासांतच हात थरथरायला लागतात. काहींना झटके येतात, दोन-तीन दिवसांत भास होऊन जिवावरही बेतू शकतं. तेव्हा हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आठवडाभरात तो बहुतेकांचा ओसरतो आणि घरचे म्हणतात, सुटली बुवा! मला बोलायचंय ते त्यानंतरचं.

दारू गेली की बरंच काही जातं. दिवस संपला हे सांगणारी खूण जाते, चारचौघांत मोकळं व्हायची सोय जाते, राग गिळायचं साधन जातं. हे दुःख खरं आहे, पण ते करायची परवानगी कुणी देत नाही. वाईट गोष्ट सुटली, मग रडतोस कशाला? म्हणून माणूस आतल्या आत झुरतो आणि ठरवतो, आठवायचीच नाही.

ते जमत नाही. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. पुढे विचार करायला मोकळीक दिल्यावर तर, सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षा या लोकांना अस्वल जास्त दिसलं. तलफेचं तसंच आहे. ती आली की ‘आली’ म्हणायचं आणि बघत बसायचं. लाटेसारखी चढते, उतरते, बहुधा अर्ध्या तासाच्या आत. त्या अर्ध्या तासात आयुष्यभराचा विचार मात्र करायचा नाही.

पण मला खरी धास्ती वाटते ती सातव्या-आठव्या महिन्याची. झोप लागते, चेहरा सुधारलेला असतो, घरात हसणं परतलेलं असतं. आणि वाईट आठवणींची धार चांगल्या आठवणींच्या आधी बोथट होते, हा मनाचा स्वभावच आहे. ओकाऱ्या, शिव्या, मुलाचा घाबरलेला चेहरा पुसट होतो. पहिल्या घोटाची ऊब तेवढी शिल्लक राहते. मग डोक्यातला वकील उभा राहतो: ‘मला खरंच व्यसन असतं, तर आठ महिने राहता आलं असतं का?’ काय बिनतोड युक्तिवाद आहे! न पिण्याचाच पुरावा पिण्यासाठी. म्हणून मी शेवटची वाईट रात्र पहिल्या आठवड्यातच लिहून ठेवायला लावतो, स्वतःच्या अक्षरात. वकिलाचं तोंड बंद करायला तेवढा कागद पुरत नाही. पण निदान समोरची बाजू कोर्टात हजर असते.

‘फक्त आजचा दिवस’ हे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेतल्या मंडळींचं म्हणणं. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या संघटनेनं ‘कायम’चा डोंगर दिवसादिवसात फोडून दिला, हे मोठंच काम. पण काही जण आजपुरती सोडतात आणि उद्याचं दार मुद्दाम किलकिलं ठेवतात. त्यातून रोजचा सौदा सुरू होतो: आज किती, कुणाबरोबर, कितीला थांबायचं? हा सौदा माणसाला फार दमवतो. माझ्या मते निर्णय कायमचा घ्यावा, निभवावा मात्र आजच्यापुरता.

आणि पाय घसरला तर? ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञानं याचा बारकाईनं अभ्यास केला. एक घोट घेतल्यावर माणूस स्वतःला म्हणतो, ‘गेलं सगळं. मी असाच.’ पुढची बाटली तलफ पीत नाही, ही शरम पिते.

एका गृहस्थांनी चार वर्षांनी दोन घोट घेतले आणि त्याच रात्री मला फोन केला. ‘आता पुन्हा शून्यापासून मोजायचं?’

‘ग्लासात उरलेलं काय केलंत?’

‘मोरीत ओतलं.’

‘मोजायचं उद्या बघू. जेवलात का?’

जेवले नव्हते.