संत्र्याची बाग नकाशात जंगल कशी होते? उपग्रहावरून जमिनीची वर्गवारी

[कॅमेऱ्यासमोर. मागे काटोल-नरखेड भागाचं उपग्रहचित्र]

नमस्कार. नागपूर जिल्ह्यातल्या काटोलकडची एक संत्र्याची बाग घ्या. सातबाऱ्यावर ती शेतजमीन आहे. मालकाला विचारा, तो म्हणेल बाग. आणि युरोपीय अवकाश संस्थेचा 'वर्ल्डकव्हर' नकाशा उघडला, की तीच बाग पेंचच्या सागवानासारखी गडद हिरवी दिसते, वर्गाचं नाव 'वृक्षाच्छादन'. तिघांपैकी कोणीही चुकलेलं नाही. प्रत्येकाने वेगळ्या प्रश्नाचं उत्तर दिलंय, आणि हे न समजता असे नकाशे वापरले की 'तालुक्यात जंगल वाढलं' अशी विधानं तयार होतात.

जमिनीवर काय पसरलंय ते भू-आच्छादन. माणूस ती जमीन कशाला वापरतो तो भू-वापर. उपग्रहाला फक्त पहिलं दिसतं. वर्ल्डकव्हरमध्ये ज्या पिक्सेलचा, म्हणजे चित्रातल्या सर्वांत लहान चौकोनाचा, १० टक्के किंवा जास्त भाग झाडांनी झाकलाय तो वृक्षाच्छादन, आणि बारा महिन्यांत पेरून कापता येतं ते पीक. संत्रा दरवर्षी पेरत नाहीत, म्हणून तो झाडांत गेला. आपल्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या वनाच्छादनातही एक हेक्टरपेक्षा मोठी, १० टक्क्यांवर छत्र असलेली फळबाग मोजली जाते, मालकी कोणाचीही असो. याच्या अगदी उलटं उदाहरण म्हणजे विदर्भातलं झुडपी जंगल. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमीन असल्याचं सांगितलं. पण उपग्रहाला त्याच जागी झुडूप, गवत, कुठे नुसता मुरूम दिसतो. कायद्यातलं जंगल नकाशात नाही आणि नकाशातलं 'जंगल' शेतकऱ्याच्या कुंपणात आहे.

[पडद्यावर: ६ बाय ६ मीटरवर लावलेली बाग, त्यावर १० मीटरची चौकट]

आता थोडं गणित करू, कारण ते केल्याशिवाय हा गोंधळ नीट कळत नाही. संत्र्याची लागवड साधारण ६ बाय ६ मीटरवर असते, म्हणजे हेक्टरी २७७ झाडं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा पिक्सेल १० बाय १० मीटर, त्यात सरासरी पावणेतीन झाडं येतात. कलम लहान आहे, घेर, म्हणजे छत्राचा व्यास, दीड मीटर आहे, तर झाडांनी पिक्सेलचा जेमतेम ५ टक्के भाग झाकला. बाकी सगळी माती, किंवा मधे घेतलेलं सोयाबीन. नकाशा म्हणेल पीक. तीच झाडं मोठी होऊन घेर ४ मीटर झाला की ३५ टक्के झाकलं जातं, आणि नकाशा म्हणेल झाडं. बाग तीच, मालक तोच, वावर तेच. पण दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवणारा म्हणेल, इथे वृक्षाच्छादन वाढलं. झाडांची छत्रं वाढली हे खरं, पण जंगल वाढलं नाही.

जागतिक नकाशे तसे बरेच आहेत, त्यांची धावती ओळख करून देतो. नासाच्या उपग्रहांवरच्या मोडिस संवेदकावरून २००१ पासून दरवर्षीचा, १७ वर्गांचा नकाशा मिळतो, पण पिक्सेल सुमारे ५०० मीटरचा. एक चौकोन म्हणजे २५ हेक्टर, जवळपास ६२ एकर. आपल्याकडे एवढ्यात पऱ्हाटी (कापूस), तूर, पांदण, नाला, विहिरीवरची बाग असं सगळं येतं. मान्सूनचा देशभरातला अंदाज करायला तो ठीक, तालुक्याला निरुपयोगी. १० मीटरवर वर्ल्डकव्हर आहे, २०२० आणि २०२१ चा, ११ वर्गांचा. एस्री या नकाशा-सॉफ्टवेअर कंपनीचा वार्षिक नकाशा आहे, २०१७ पासूनचा. आणि गूगल व वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटचा 'डायनॅमिक वर्ल्ड' आहे, तो सेंटिनेल-२ च्या प्रत्येक कमी ढगाळ दृश्याची वेगळी वर्गवारी करतो, ९ वर्गांत, आणि प्रत्येक वर्गाची संभाव्यताही देतो.

हा शेवटचा नकाशा विदर्भात वापरताना एक चूक सर्रास होते. वर्षभरातली सगळी दृश्यं घ्यायची आणि जो वर्ग जास्त वेळा आला तो पिक्सेलला द्यायचा. कोरडवाहू वावर वर्षातले सहा-सात महिने मोकळं असतं, आणि निरभ्र दृश्यंही नेमकी त्याच महिन्यांतली असतात. पिकाचे दिवस ढगांखाली जातात. मग बहुमत 'उघडी जमीन' किंवा 'झुडूप' यांचं होतं आणि शेती गायब. त्यापेक्षा ऑगस्ट ते नोव्हेंबर एवढीच दृश्यं घ्या, पीक या वर्गाच्या संभाव्यतेची सरासरी काढा, आणि त्यावर उंबरठा ठरवा.

स्वतः नकाशा करायचा असेल तर सगळा खेळ तारखांचा आहे. हे मी ठासून सांगतो, कारण बहुतेक जण आधी अल्गोरिदम निवडत बसतात.

[पडद्यावर: त्याच जागेची तीन चित्रं, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मार्चअखेर]

नोव्हेंबरच्या मध्यात आकाश मोकळं होतं. सोयाबीन निघालेलं असतं, त्या वावरात नांगरट किंवा नुकता पेरलेला हरभरा. पऱ्हाटी आणि तूर अजून उभी. सागवान हिरवं. फेब्रुवारीत गहू-हरभरा हिरवा आणि सागवान पानं टाकतंय. मार्च संपता संपता रब्बी कापणीला आली, सागवान बोडकं झालं, आणि हिरवी राहिली ती मुख्यतः ओलिताची बाग, नाल्याकाठची झाडं आणि शहरातली कडुनिंब-पिंपळासारखी झाडं. म्हणजे एका चित्रात बाग आणि जंगल सारखी दिसतात, पण तीन चित्रांत दोघांची चाल वेगळी. मे महिन्याचं चित्र मात्र टाळा. मृग बहार घेणारा शेतकरी एप्रिल-मेमध्ये पाणी तोडून बागेला ताण देतो. पानं सुकतात, गळतात, आणि उत्तम बाग उपग्रहाला पडीक दिसते. आंबिया बहाराचा ताण डिसेंबर-जानेवारीत असतो, म्हणून जानेवारीच्या एकट्या चित्रावरही बागांचं क्षेत्र काढू नका.

चित्रं घेताना पृष्ठभाग परावर्तनाची, म्हणजे हवेचा परिणाम काढलेली लेव्हल-२ए ची घ्या. नागपूर यूटीएमच्या, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा प्रणालीच्या, ४४ उत्तर पट्ट्यात येतं. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा: २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १००० ची भर घातलेली असते. आधीची आणि नंतरची चित्रं तशीच मिसळली तर २०२२ च्या आधी-नंतर सगळी जमीन एकदम उजळल्यासारखी वाटते आणि एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाई मोजणारा निर्देशांक, खाली येतो. नंतरच्या चित्रांतून आधी १००० वजा करायचे, मग १०,००० ने भागायचं. गूगलचं अर्थ इंजिन वापरत असाल तर 'हार्मनाइज्ड' संग्रह घ्या, तिथे हे काम झालेलं असतं. ढगांबरोबर ढगांच्या सावल्याही काढा, नाहीतर मौद्याच्या धानाच्या (भाताच्या) बांधीत नसलेले तलाव उगवतील.

धानाचा विषय निघालाच आहे तर, रामटेक-मौदा पट्ट्यात जुलै-ऑगस्टची निरभ्र चित्रं फारशी मिळत नाहीत. तिथे सेंटिनेल-१ चं रडार कामी येतं, त्याला ढगांचा अडथळा नाही. रोवणीच्या वेळी बांधीत पाणी भरलेलं असतं, रडारचा किरण आरशासारखा पलीकडे निघून जातो आणि परतीचा संकेत घटतो. पुढे धान वाढलं की तो चढतो. आधी खाली, मग वर, अशी रेघ दिसली की धान. कायमच्या तलावाची रेघ खालीच राहते.

आता आपल्या भागातली खास फसवणूक. काळी जमीन. नांगरलेली, ओलसर काळी कन्हार माती सगळ्याच बँडमध्ये (प्रकाशाच्या पट्ट्यांत) इतकी कमी उजळ असते की एका चित्रात ती डांबरी रस्त्यासारखी दिसते. त्यामुळे वर्गीकरणात वर्धा रोड रुंद होत वावरांत शिरतो. उपाय सोपा आहे. पिक्सेलच्या वर्षभरातल्या एनडीव्हीआयचा वरचा टोकाचा आकडा, म्हणजे नव्वदावा शतमक, आणि खालचा दहावा, हे दोन्ही वेगळे थर म्हणून द्या. वावर वर्षात एकदा तरी हिरवं होतं, डांबर कधीच नाही. उमरेडच्या कोळसा खाणींना हा उपाय चालत नाही, तिथे हिरवंही नसतं आणि खड्ड्यात पाणीही असतं. कोराडी-खापरखेड्याच्या राख बंधाऱ्यांचंही तसंच: ओली राख पाण्यात जाते, कोरडी राख उघड्या जमिनीत किंवा बांधकामात. या जागा मोजक्या आणि माहितीच्या आहेत, त्यांच्या सीमा हाताने आखून वेगळा वर्ग द्या. तासाभराचं काम आहे, आणि कुठल्याही मॉडेलपेक्षा भरवशाचं. जलपर्णीने झाकलेला तलाव गवत किंवा पीक म्हणून येतो, तिथे पावसाळ्यानंतरची एकच तारीख न धरता अनेक वर्षांचं पाणी बघा.

मॉडेलला शिकवायला नमुने, म्हणजे जमिनीवर काय आहे हे माहीत असलेले बिंदू, गोळा करताना वावराच्या धुऱ्यापासून किमान २० मीटर आत राहा. शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचा बी ११ बँड मुळात २० मीटरचा आहे, कडेला दोन पिकं त्यात मिसळतात. लहान वावरांत हे अवघड जातं, पण मिसळलेला नमुना देण्यापेक्षा न दिलेला बरा. दर वर्गाला शंभरेक नमुने, तेही तीस-चाळीस गावांत पसरलेले. एकाच गावातले पाचशे नमुने म्हणजे एका गावाचीच माहिती. वर्गीकरणाला रँडम फॉरेस्ट, म्हणजे अनेक निर्णयवृक्षांचं बहुमत घेणारी पद्धत, २०० वृक्षांची, बस झाली. पाचशे केले तर वेळ जास्त, फरक नगण्य.

आणि तपासणी. एकाच वावरातले काही पिक्सेल शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवले, तर अचूकता ९५ टक्क्यांवर जाते आणि ती खोटी असते, कारण शेजारचा पिक्सेल म्हणजे जवळपास तोच पिक्सेल. अख्खी गावं परीक्षेसाठी बाजूला ठेवा. आकडा घसरेल. वर्ल्डकव्हरची जागतिक अचूकता २०२० साठी सुमारे ७४ आणि २०२१ साठी ७७ टक्के आहे, त्यामुळे तुमचा प्रामाणिक ८२ आला तर वाईट वाटून घेऊ नका.

[पडद्यावर: दोन ओळींची बेरीज]

क्षेत्रफळ काढताना तर पिक्सेल मोजून थेट आकडा देऊच नका. समजा १००० चौरस किलोमीटरच्या नकाशात बांधकाम १०० आणि बाकी ९००. बांधकामावर यादृच्छिक १०० बिंदू टाकले, ८० खरे निघाले. बाकीवर ३०० टाकले, त्यात १५ जागी प्रत्यक्षात बांधकाम होतं, म्हणजे ५ टक्के. खरं क्षेत्र १०० चे ८० टक्के, म्हणजे ८०, अधिक ९०० चे ५ टक्के, म्हणजे ४५. एकूण १२५. नकाशा १०० म्हणत होता. मोठ्या वर्गातली छोटी टक्केवारी लहान वर्गाला पाव भागाने बदलते, म्हणून बाकीच्या ९०० मध्ये बिंदू टाकायचा कंटाळा करू नका.

वर्ल्डकव्हरचा पिक्सेल तर १०० चौरस मीटरचाही नाही. तो अक्षांश-रेखांशात आहे, एका अंशाचे १२,००० भाग. नागपूरच्या अक्षांशावर तो साधारण ८.७ बाय ९.२ मीटर, म्हणजे ८० चौरस मीटर. १०० ने गुणलं की क्षेत्र सव्वापट होतं. आधी यूटीएममध्ये आणा, आणताना निकटतम शेजारी पद्धत वापरा, म्हणजे सर्वांत जवळच्या पिक्सेलचा वर्ग जसाच्या तसा घ्या. सरासरीची पद्धत लावली तर वर्ग ४० आणि वर्ग ८० यांच्या मधे ६० तयार होतो, म्हणजे पीक आणि पाणी मिळून उघडी जमीन.

फाइल उतरवताना एक सोडून दोन घ्या. तुकडे ३ बाय ३ अंशांचे आहेत आणि त्यांची एक सीमा २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. नागपूर शहर एन२१ई०७८ मध्ये येतं, बुटीबोरी आणि उमरेड एन१८ई०७८ मध्ये. आणि २०२० व २०२१ या दोन वर्षांची वजाबाकी करून बदल दाखवू नका. दोन्हींची कार्यपद्धती वेगळी आहे, त्यातला बराचसा 'बदल' अल्गोरिदमचा आहे. बदलच बघायचा असेल तर दोन्ही वर्षांची सेंटिनेल चित्रं, तेच नमुने, तेच थर, तोच वर्गीकारक, आणि चित्रं त्याच पंधरवड्यातली.