घरपट्टी कापली, मग शाळा कोणी चालवल्या?

नमस्कार, श्रोतेहो.

घरपट्टी कमी करू, असं निवडणुकीच्या सभेत कुणी म्हणालं की टाळ्या हमखास. त्या पट्टीतून काय काय चालतं, हे त्या घटकेला कुणी विचारत नाही. म्हणून आज कॅलिफोर्नियाची हकीकत सांगतो. तिथे हे पाऊल १९७८ साली उचललं गेलं, त्यामुळे त्याचं पुढे काय झालं ते आपल्याला निवांत पाहता येतं.

अमेरिकेत सरकारी शाळा बऱ्याच अंशी गावाच्या मालमत्ता करावर चालत आल्या. कॅलिफोर्नियात त्या दशकात घरांच्या किमती भडकल्या आणि किमतीबरोबर करही चढला. घर तेच, मालक निवृत्त, पेन्शन तेवढीच, बिल मात्र फुगत चाललेलं. वाढलेली किंमत घर विकल्यावर हातात पडणार, कर आजच भरायचा. लोकांचा राग खोटा नव्हता. त्यात राज्याच्या तिजोरीत पाचेक अब्ज डॉलर शिल्लक पडलेले, आणि आमदारांचं सवलतीवर एकमत काही होईना.

हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन या दोन करविरोधी कार्यकर्त्यांनी सह्या गोळा करून विषय थेट मतदारांपुढे नेला. तेच प्रपोझिशन १३, म्हणजे मतदानाला टाकलेला प्रस्ताव क्रमांक १३. कर किमतीच्या १ टक्क्याच्या वर जाणार नाही. किंमत १९७५-७६ ची धरायची, ती वर्षाला फार तर २ टक्के वाढेल, आणि घर विकलं गेलं किंवा नवं बांधकाम झालं तरच नव्या भावाने आकारणी होईल. शिवाय गावाला एखादा खास कर लावायचा असेल, तर दोन तृतीयांश मतं हवीत. ६ जून १९७८ ला सुमारे ६५ टक्के लोकांनी होकार दिला. गव्हर्नर जेरी ब्राउन यांचा आधी कडाडून विरोध होता. निकाल लागल्यावर मात्र त्यांनी अंमलबजावणीचा असा धडाका लावला, की नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले! वारा ओळखावा तर असा.

मालमत्ता कराचं उत्पन्न एका वर्षात निम्म्याहून खाली आलं. लॉस एंजेलिससकट अनेक ठिकाणी त्या वर्षीच्या उन्हाळी शाळा रद्द झाल्या. पण सुट्टीनंतर नेहमीच्या शाळा भरल्या, कारण राज्याने शिलकीतला पैसा ओतला. माझ्या मते सगळ्या गोष्टीची मेख इथे आहे. लोकांनी पाहिलं, कर कमी झाला आणि शाळाही चालू राहिली, म्हणजे घाबरवणारे उगाच घाबरवत होते. शिल्लक मात्र एकदाच खर्च करता येते.

ती सरल्यावर शाळांचा कारभार राजधानी सॅक्रामेंटोच्या हाती गेला. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. जुनी पद्धतही न्याय्य नव्हती. बेव्हर्ली हिल्समध्ये १९६८-६९ साली एका विद्यार्थ्यामागे १,२३२ डॉलर खर्च होत होते, तर बाल्डविन पार्कमध्ये ५७७. आणि कराचा दर जास्त होता तो बाल्डविन पार्कमध्येच. न्यायालयाने सेरानो खटल्यात १९७१ आणि १९७६ साली ही तफावत घटनाबाह्य ठरवली होती. तेव्हा राज्याने पैसा देण्यात मुळात वाईट काही नाही. अडचण त्या पैशाच्या जातीत आहे. राज्याची तिजोरी प्राप्तिकरावर चालते, त्यातला मोठा वाटा धनिकांचा, आणि त्यांची कमाई शेअर बाजाराबरोबर वर-खाली होते. २००८ साली बाजार कोसळला, त्यानंतर हजारो शिक्षकांच्या हाती नोकरी जाणार असल्याच्या नोटिसा पडल्या. १९८८ साली मतदारांनीच प्रपोझिशन ९८ मंजूर करून शाळांचा किमान वाटा राज्यघटनेत लिहून घेतला. पण तिजोरीच आटली, तर वाटाही आटतो. सधन गावांतले पालक संस्था काढून देणग्या जमवतात, त्यातून संगीताचा शिक्षक राहतो. गरीब गावात तो जातो.

आपल्याकडे गणित निराळं आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीतून नाही. मुंबईत मात्र महापालिका स्वतः शाळा चालवते आणि मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण उपकराची वेगळी ओळ असते. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०१९ साली फक्त सर्वसाधारण कर माफ झाला, बाकीच्या ओळी तशाच राहिल्या. बिल हातात पडल्यावर लोक म्हणाले, ही कसली माफी! जानेवारी २०२२ मध्ये सगळाच कर माफ झाला. सुमारे १६ लाख घरांना त्याचा लाभ झाला. त्याच मार्चमध्ये पालिकेची मुदत संपत होती, हेही ध्यानात असू द्या. जकात तर २०१७ मध्येच गेली होती आणि तिची भरपाई राज्याकडून येते. म्हणजे पालिकेचं स्वतःचं उत्पन्न एकेक करत कमी होतंय.

दिलेली सवलत परत का घेता येत नाही, ते पुन्हा कॅलिफोर्नियातच दिसतं. फ्रेमाँट, सनीव्हेलमध्ये हल्ली घर घेणारं मराठी कुटुंब शेजारच्या जुन्या मालकाच्या कित्येक पट कर भरतं, मुलं मात्र एकाच शाळेत. अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी २००३ साली स्वतःची बिलं सांगितली होती. नेब्रास्का राज्यातल्या ओमाहातल्या पाच लाख डॉलरच्या घराला १४ हजारांवर कर, आणि कॅलिफोर्नियातल्या ४० लाखांच्या घराला २,२६४ डॉलर. ते तेव्हा कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाला उभे राहिलेले अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर यांचे सल्लागार होते. श्वार्झनेगर यांनी जाहीर सांगून टाकलं, पुन्हा प्रपोझिशन १३ चं नाव काढलंत, तर ५०० सिट-अप्स माराव्या लागतील.

पुढे २०२० साली प्रपोझिशन १५ आलं. राहत्या घरांना त्यात हातच लावलेला नव्हता. फक्त मोठ्या व्यापारी मालमत्तांवर बाजारभावाने कर लावायचा आणि त्यातला वाटा शाळांना द्यायचा, एवढंच होतं. विरोधकांचा प्रचार साधा होता: आज त्यांची दुकानं, उद्या तुमचं घर. प्रस्ताव ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी पडला.

नमस्कार.