दोन महिन्यांनी गवसणी काढली

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. यंदा दहावी दिली आणि गेली सात वर्षं गाणं शिकतेय. आज मला एकाच दिवसाबद्दल बोलायचंय, भूगोलाचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवसाबद्दल.

सगळ्यांना वाटतं पेपर संपले की पोरं दुपारपर्यंत झोपणार, मग मिसळ, मग रंकाळा. माझा पण तसाच प्लॅन होता खरंतर. पण सहालाच जाग आली, पाठांतराची सवय लागलेली ना, आणि आता पाठ करायला काहीच नाही म्हटल्यावर समोर काय दिसलं तर कपाटाच्या बाजूला कोपऱ्यात उभा असलेला तानपुरा. त्याच्या गवसणीवर धूळ, पुढ्यात प्रश्नसंचांचा गठ्ठा, वरच्या खुंट्यांना कुणीतरी माझं परीक्षेचं पाऊच अडकवलेलं. मला कसंतरीच झालं ते बघून.

जानेवारीत घरात ठरलं होतं की आता गाणं बंद, पेपर झाले की बघू. कुणी रागावून सांगितलं नव्हतं, सगळ्यांच्या घरी असंच ठरतं म्हणून आमच्या घरी पण ठरलं. माझ्या गाण्याच्या बाई तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, क्लासला नको येऊ, पण रोज पंधरा मिनिटं खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातले सूर, लावत जा. मी हो म्हटलं आणि केलं नाही.

तर गवसणी काढली. तानपुरा मिरजेचा आहे, आजोबांनी आणलेला. मिरज आपल्यापासून रेल्वेनं तासाभरावर, आणि तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही क्लासमधली पोरं अशी खूश झालो होतो जसं काय आमच्याच घरी बक्षीस आलंय. असा तानपुरा आणि मी त्याला दोन महिने हात लावला नव्हता. चारी तारा, म्हणजे पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या आणि शेवटची खर्जाची, उतरलेल्या, जोडाच्या एका तारेवर तांबूस गंज. पिळायला घेतली आणि ती तटकन तुटली, हाताला लागली पण. आज्जी आतनं धावत आली, काय झालं गं म्हणून. मग ती भोपळ्याला मांडीचा आधार देऊन बसली आणि मी नवीन तार चढवली. मार्चचं कोरडं ऊन, त्यामुळं खुंटी जागेवर राहीना, सारखी सरकायची. बाई करतात तसं केलं, धाकट्या भावाच्या दप्तरातला खडू घेतला, खुंटी काढून तिला चोळला आणि परत घट्ट बसवली, तेव्हा कुठं टिकली.

आता जीव. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर प्रत्येक तारेखाली एक बारीक सुती दोरा सरकवतात, त्याला जीव म्हणतात. तो बरोब्बर जागी आला की तार नुसती टण्ण वाजत नाही, तिच्यातनं गुंजन सुटतं, घरभर पसरतं. जवारी बोलायला लागली म्हणतो आपण. पण जागा केसाएवढी असते हो. दोरा जरा पुढं गेला की तार दबते, जरा मागं आला की कोरडी वाजते. आज्जीनं शिवणाच्या रिळातला दोरा काढून त्याचा पीळ सोडला, एक पदर मला दिला, आणि मी तो तसूतसू सरकवत बसले. नऊ वाजून गेले होते. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप आहे, एका टचवर चालू होतं, वाईट नाही ते, प्रवासात मी पण वापरते. पण त्यात तुमचे कान कामाला लागत नाहीत.

मग सा लावला. आणि आवाज ओळखीचा वाटेना मला. डिसेंबरमध्ये एका श्वासात पंचवीस सेकंद सा धरायचे, परवा अकराव्या सेकंदाला हलायला लागला. खर्जात तर नुसती हवाच. रडू आलं, खरं सांगते.

तेव्हा मला अल्लादिया खाँसाहेब आठवले. कोल्हापुरात गाणं शिकणाऱ्या कुठल्याही पोराला हे नाव पहिल्या वर्षीच कळतं, आपल्याकडं गाण्याची १८८३ सालापासूनची संस्था, देवल क्लब आहे, आणि शाहू महाराजांच्या दरबारात खाँसाहेब गायक होते. पण इथं यायच्या आधी त्यांचा आवाज गेला होता. अति गाऊन गेला. बराच काळ गाता येईना, आणि परत आला तोही पूर्वीसारखा नाही, तर त्या आवाजाला धरून त्यांनी आपली गायकी नव्यानं घडवली, तीच पुढं जयपूर-अत्रौली घराणं म्हणून देशभर गाजली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या मोठ्या गायिका त्यांच्याच शिष्या. माझा आवाज न गाऊन बसलेला, दोन्हीची काही बरोबरीच नाही, पण रडं थांबलं माझं. परत खर्जापासून सुरू केलं, दहा मिनिटं गायचं, थांबायचं, पाणी प्यायचं, परत.

ज्यांची मुलं आता नववीतनं दहावीत जाणारेत त्या आईबाबांना माझी मनापासून विनंती आहे, गाणं, तबला, पेटी जे काय असेल ते पूर्ण बंद करू नका. पंधरा मिनिटांनी मार्क जात नाहीत. मी तेवढा वेळ रोज मोबाईलवर घालवत होतेच की. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री छातीत जी धडधड होते ना, तिला एक लांब सा फार बरा असतो, हे मला पेपर संपल्यावर कळलं.

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला, "आवर की लवकर, मी निघालो." रंकाळ्यावर गेलो, भेळ खाल्ली, कुणाला काय लिहिता आलं ते बोलून झालं. परत आले तर आज्जीनं तानपुऱ्यावरची धूळ पुसून ठेवली होती, गवसणी धुऊन वाळत घातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासला गेले. वाटेत ठरवलं होतं, रियाज केला नाही ते खरं सांगायचं. सांगितलं. बाई काहीच बोलल्या नाहीत, तानपुरा माझ्या हातात दिला. मी लावला, वाजवायला सुरुवात केली. त्यांनी डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "पंचम चढलाय. उतरव."