सीडर पट्ट्यांचा कयाक : लाकूड कुठलं, लेप कुठला

(दृश्य : साच्यांच्या रांगेवर अर्धवट चढलेला कयाक. सीडरच्या पट्ट्या, मधेमधे फटी.)

कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. याची लांबी पाच मीटर. पूर्ण झाल्यावर वजन 18 ते 20 किलो, म्हणजे एकट्या माणसाने खांद्यावर घेऊन पाण्यापर्यंत न्यावं इतकं. त्यात लाकूड निम्म्याच्या आसपास. बाकी काचेचं कापड, इपॉक्सी (दोन द्रव मिसळून कडक होणारा लेप), वॉर्निश आणि बसायची जागा.

पट्टी 6 मिलिमीटर जाड आणि 19 मिलिमीटर रुंद. तिच्या आतून आणि बाहेरून इपॉक्सीत भिजवलेलं काचकापड बसतं. लाट आदळते, खडक घासतो, तेव्हा मुख्य ताण झेलतात ते काचेचे दोन थर. लाकडाचं काम त्या दोघांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर घट्ट धरून ठेवायचं. म्हणून इथे ‘मजबूत लाकूड’ शोधायला निघालेला माणूस पहिल्याच पायरीवर चुकतो. आपल्याकडे होडी म्हटलं की साग आठवतो. पण साग जड, वर तेलकट. त्याच्यावर इपॉक्सी नीट धरत नाही.

(दृश्य : कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचा किनारा, उंच झाडं.)

हे वेस्टर्न रेड सीडर. अलास्काच्या दक्षिण टोकापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंतच्या ओल्या किनारपट्टीतलं झाड. नाव सीडर असलं तरी हिमालयातल्या देवदाराच्या कुळातलं नाही. वाळलेल्या लाकडाचं वजन घनमीटरला साधारण 370 किलो. गाठ नसलेल्या लांब, सरळ फळ्या मिळतात, रंधा लोण्यासारखा चालतो आणि एकाच गठ्ठ्यात पेंढ्याच्या पिवळ्यापासून चॉकलेटी तपकिरीपर्यंत रंग सापडतात.

उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडचं नॉर्दर्न व्हाइट सीडर याहूनही हलकं. पण फळ्या आखूड आणि गाठी फार, त्यामुळे सांधे वाढतात. फिकट रेघ हवी असेल तर सिट्का स्प्रूस किंवा अलास्का यलो सीडर. दुसरं वजनाला जास्त, घनमीटरला 490 ते 500 किलो.

गडद रेघेसाठी वॉलनट सगळ्यांना आवडतं. त्याचा हिशेब करू. पाच मीटरची सीडरची पट्टी सुमारे 210 ग्रॅम, वॉलनटची 350. दोन-चार पट्ट्यांनी वजनात फरक पडत नाही. अडचण घासताना येते. मऊ सीडर भराभर झिजतं, वॉलनट जागचं हलत नाही. पॉलिश पेपर हाताने दाबला तर रेघेच्या दोन्ही बाजूंना खड्डा पडतो. तो तेव्हा दिसत नाही, चकचकीत वॉर्निशखाली मात्र लांबूनही दिसतो. अशा ठिकाणी कागद लांब, कडक पाटीवर लावूनच घासायचा.

(दृश्य : करवतीतून निघणारी पट्टी, जवळून.)

फळी निवडताना तिच्या टोकाकडे बघा. वार्षिक वलयं रुंद बाजूला समांतर असतील, तर दुकानात ती फळी स्वस्त मिळते आणि आपल्याला तीच हवी असते. कारण पट्टी कापताना ती आडवी होते. फळीची जाडी ही पट्टीची रुंदी बनते, आणि पट्टीच्या तोंडावर वलयं सरळ बारीक रेघांसारखी येतात. अशी पट्टी एकसारखी घासली जाते. महागडी उभ्या रेषांची फळी आणली, तर पट्टीवर उलट पसरट नक्षी येते आणि घासताना तिचा मऊ भाग खोल जातो.

करवतीचं पातं पातळ घ्या. 150 मिलिमीटर रुंद फळीतून 2 मिलिमीटरच्या पात्याने 18 पट्ट्या निघतात, 3 मिलिमीटरच्या पात्याने 16. साठ-सत्तर पट्ट्यांसाठी अशा चार फळ्या लागतात, आणि मोडतोडीसाठी एक जास्तीची घ्यावीच. पट्ट्या निघतील त्याच क्रमाने नंबर घालून बांधा. डावी-उजवी बाजू रंगाने जुळवायची असेल तर हा क्रमच कामी येतो. ओलं फडकं फिरवलं की इपॉक्सीनंतरचा रंग कसा दिसेल याचा अंदाज येतो.

या लाकडाच्या भुशाला मात्र हलक्यात घेऊ नका. त्यातल्या प्लिकॅटिक आम्लामुळे सुतारकाम करणाऱ्यांना दमा जडतो, हे वैद्यकशास्त्रात नोंदलेलं आहे. साधा रुमाल चालणार नाही, नीट बसणारा फिल्टरचा मास्क लागतो.

(दृश्य : दिव्याच्या तिरप्या उजेडात घासलेला तळ.)

80 नंबरचा कागद, मग 120. तिथेच थांबायचं. त्याहून गुळगुळीत केल्याने इपॉक्सीला फायदा नाही. तिरपा दिवा लावून सुकलेल्या गोंदाचे ओघळ शोधा. त्यांच्यात इपॉक्सी मुरत नाही, त्यामुळे खाली फिकट डाग राहतात. स्टील वूल तर शेडमध्येच आणू नका. लोखंडाचा कण, थोडी ओल आणि सीडरमधलं टॅनिन, की काळा डाग पडलाच. रंग द्यायचा असेल तर पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये विरघळणारा डाय वापरा. तेलाचा रंग इपॉक्सीची पकड बिघडवतो.

तळाला चौरस मीटरला 200 ग्रॅमचं कापड, डेकला, म्हणजे वरच्या भागाला, 135 ग्रॅमचंही चालतं. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त म्हणून मोह होतो, पण सीडरवरून ते सुटून येतं. इपॉक्सीच घ्या आणि हार्डनरचं, म्हणजे तिला कडक करणाऱ्या दुसऱ्या द्रवाचं, प्रमाण डब्यावर लिहिलंय तेवढंच ठेवा. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवला तर थर मऊच राहतो.

वेळ निवडायची ती तापमान उतरत असतानाची, म्हणजे दुपारनंतरची. सकाळी लेप लावला, की ऊन चढतं, लाकडातली हवा फुगते आणि कापडाखाली बुडबुडे उठतात. उतरत्या तापमानात लाकूड लेप आत ओढून घेतं. कापड पांढरं दिसेल तिथे इपॉक्सी कमी पडली आहे. चमकून तरंगताना दिसेल तिथे जास्त झाली आहे, ती रबराच्या पट्टीने ओढून काढा. बाहेरून कापडाची विण भरेपर्यंत इपॉक्सीचे आणखी दोन हात लागतात. आत मात्र विण तशीच ठेवतात, कारण भरायला गेलं की वजन वाढतं.

पाणी अडवणं हे इपॉक्सीचं काम. ऊन तिला सोसत नाही. ती पिवळी पडते, पांढुरकी होते, शेवटी कापड सोडते. म्हणून वर अतिनील किरण रोखणारं मरीन वॉर्निश हवं, निदान तीन हात, शक्य असेल तर पाच. इपॉक्सी पूर्ण मुरायला आठवडा-दोन आठवडे द्या. वर मेणचट थर आला असेल तर आधी पाण्याने धुवा, मगच घासा. आधी घासलं तर तो थर खोल चोळला जातो आणि वॉर्निश चिकट राहतं. मग 220 नंबरचा कागद, आणि दोन हातांमध्ये पुन्हा हलकं घासणं.

वापरात ओरखडे पडतातच. वॉर्निशमधला ओरखडा हंगामाअखेरीच्या नव्या हातात बुजतो. काच चिरून लाकूड उघडं पडलं असेल तर मात्र घाई नको. तो भाग आजूबाजूला घासून काढा आणि कयाक उबदार, कोरड्या जागी ठेवून लाकूड पूर्ण वाळू द्या, मगच नवं कापड. ओल्या लाकडावर इपॉक्सी ओतली तर आतली काळवंडलेली खूण कायमची बंदिस्त होते.